मंडपाच्या दारातल्या किल्ल्या

बोरीच्या आसपास कुणाचं लग्न जमलं की तारीख पक्की करण्याआधी माणसं महेश्वरी शेटेच्या दारात येतात. मंडप मोकळा आहे का, हे विचारायला. कनाती, गाद्या, खुर्च्या, भाताची मोठाली पातेली, आचाऱ्याच्या भट्ट्या, सगळं तिच्याकडे भाड्यानं मिळतं, आणि सामान फाटकंतुटकं नसतं म्हणून लोक दुसरीकडे जात नाहीत. बोलणी झाली, चहा झाला, की महेश्वरी डोक्यावरचा पदर सारखा करते आणि आपली अट सांगते. मंडपाच्या दारात तिचा माणूस बसणार. पिऊन आलेल्याची, नाहीतर आत येऊन प्यालेल्याची, मोटारसायकलची किल्ली तो ठेवून घेणार. सकाळी शुद्धीवर यायचं आणि घेऊन जायची. हे कबूल असेल तर मंडप न्या.

पहिल्यांदा ही अट ऐकली तेव्हा माणसं हसली होती. ही बाई वऱ्हाडी मंडळींच्या खिशात हात घालणार म्हणे.

मंडपाचा धंदा तिच्या नवऱ्याचा. नाव बसवेश्वर. माणूस शांत, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही. एका हळदीचा मंडप उतरवून तो सकाळी गावाकडे येत होता. त्याच हळदीत रात्रभर पिऊन बसलेला एक तरुण तांबडं फुटताना गाडी काढून निघाला आणि काहीतरी विसरलं म्हणून वाटेतून परत फिरला. जिंतूर रोडवर दोघांच्या गाड्यांची समोरासमोर धडक झाली. तो तरुण जागीच गेला. बसवेश्वर परभणीच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. शेताच्या कडेला त्याला माती दिली. ऋतुजा, त्यांची एकुलती लेक, तेव्हा दहावीला होती.

दिवस होऊन गेल्यावर दत्ता सामान मोजायला बसला. दत्ता म्हणजे त्यांचा टेम्पोवाला, बसवेश्वरच्या हाताखाली वाढलेला. त्या हळदीची कनात उलगडताना तिच्या घडीतून दारूच्या बाटल्या निघाल्या. त्यानं त्या गुपचूप उकिरड्यावर टाकल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं कदाचित. पण महेश्वरी तिथंच उभी होती. आपल्याच कनातीच्या आडोशाला बसून तो पोरगा प्याला, हे तिच्या डोक्यात तेव्हा शिरलं ते निघालंच नाही.

त्या सालात त्या रस्त्यावर अपघात तरी किती झाले. दर दोन-चार आठवड्यांनी कुणाच्या तरी दारात माणसं जमलेली दिसायची. महेश्वरीनं धंदा विकला नाही. पुढचा लग्नाचा हंगाम आला तेव्हा तिनं अट घातली.

तिचे मोठे दीर चन्नप्पा, बाजारात किराणा दुकानवाले, ते नाराज झाले. धंदा धंद्यासारखा करावा, असं त्यांचं म्हणणं. लोकांच्या अब्रूला हात घातला तर गिऱ्हाईक तुटेल, आणि एकट्या बाईच्या अंगावर माणसं येतील ती वेगळीच. महेश्वरीनं ऐकून घेतलं. जेठांपुढे ती वाद घालायची नाही. "दादा, एक हंगाम बघू," एवढंच म्हणाली.

पहिल्या हंगामात दारात टेबल टाकून बसलेल्या दत्ताची कॉलर दोनदा फाटली. एका नवरदेवाच्या मामानं किल्ली परत मागताना टेबल उलथं केलं. पण माणसाच्या अंगवळणी काय पडेल सांगता येत नाही. दुसऱ्या हंगामापासून बायकाच नवऱ्यांच्या खिशातून किल्ल्या काढून दत्ताच्या हातात द्यायला लागल्या. काही जण लग्नाला भाड्याच्या जीपनं यायला लागले. जिंतूर तालुक्यातल्या आणखी दोन-तीन मंडपवाल्यांनी अट उचलली. ग्रामपंचायतीनं महेश्वरीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. कुणीतरी भाषणात म्हणालं, ताईंमुळे बोरीच्या रस्त्यावरचं मरण थांबलं. टाळ्या वाजल्या. चन्नप्पा पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनीही वाजवल्या.

आणि अपघात खरंच कमी झाले होते. महेश्वरीला ते दिसत होतं. दारात माणसं जमलेली आता क्वचित दिसायची.

मग स्वरदा आली.

स्वरदा परभणीची. वडील शाळेत मास्तर, घरी पूजापाठ, आणि ही पोरगी पुण्याला शिकून एका संस्थेत लागलेली. दारू पिऊन गाडी चालवू नये म्हणून गावोगावची माणसं जे काय करतात त्यानं अपघात कमी होतात का, हे बघायचं तिचं काम. संस्थेला बोरीचा प्रकार आवडला होता. दुसऱ्या गावांत तो न्यायचा, पण त्याआधी त्याचा गुण येतो का हे कळायला हवं होतं. ती ओसरीवर मांडी घालून बसली, चहा घेतला आणि अपघात कमी झाले का म्हणून विचारलं.

"लय कमी झाले," महेश्वरी म्हणाली.

"किल्ल्या घेतल्यामुळेच झाले, हे कशावरून म्हणता काकू?"

महेश्वरीला प्रश्नच कळला नाही. तिला वाटलं, पोरगी आपल्याला खोटं पाडायलीय. मग पोरीच्या तोंडाकडे बघितलं तर तसं काही दिसेना. पोरीला खरोखरच उत्तर हवं होतं. "पहिले लय मरायचे, आता मरत न्हाईत," महेश्वरी पुन्हा म्हणाली, जरा हळू.

स्वरदानं दवाखान्यात, पोलीस ठाण्यात कुणाशी बोलावं एवढं विचारून घेतलं. त्यानंतर वर्षभर ती येत राहिली. कधी मंडपात दत्ताशेजारी बसायची, कधी रस्त्यावरच्या ढाब्यांवर जाऊन मालकांशी बोलायची. तिच्या चौकशांनी महेश्वरी गोंधळून जायची. रस्त्याचं काम कधी सुरू झालं? खोदून ठेवलेल्या रस्त्यावर गाड्या हळू चालत होत्या का? गावातलं दारूचं दुकान कधी हललं? मार कमी लागला तर माणसं दवाखान्यात जातात का घरीच पडून राहतात? देवगाव फाट्याच्या बाजूला स्वरदानं बोरीएवढंच एक गाव धरलं होतं. तिथं कुणी किल्ल्या घेत नव्हतं, आणि तिथले अपघातही ती गोळा करत होती.

"त्या गावाचं आमाला काय करायचं?" महेश्वरीनं एकदा विचारलं.

स्वरदा म्हणाली की तिथंही कमी झाले असतील तर मग आपल्याला विचार करावा लागेल. महेश्वरीला वाटलं, त्यांचं भलं झालं तर बरंच की. त्यात विचार कसला करायचा?

पण रात्रीचा भाकरतुकडा खाताना तिच्या मनात ते घोळायचं. ऋतुजा परभणीला कॉलेजात होती, शनिवारी घरी यायची. तिला महेश्वरीनं विचारलं, तर ती म्हणाली, आई, मॅडम बरोबरच विचारायल्यात. का बरोबर, ते मात्र तिलाही नीट सांगता आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात तात्यारावांचं झालं.

तात्याराव तेलवाडीचे. बोरीपासून कोसभरावर नदीपलीकडे ती वाडी आहे. माणूस मोठा बोलघेवडा, भजनात टाळ वाजवणारा, लग्नात मात्र मित्रांबरोबर बसायचाच. बोरीतल्या एका लग्नाला आले, जेवले, प्याले. निघताना दत्तानं किल्ली मागितली. त्यांनी काही तक्रार केली नाही. हसत हसत दिली. उलट बाकीच्यांना दम भरला की बाईंचा कायदा आहे, द्या निमूट. मग चालत निघाले. डांबरी रस्त्याच्या कडेनं जाताना मागून कुठलंतरी वाहन आलं आणि उडवून गेलं. कुठलं, ते कधीच कळलं नाही. दूध घालायला निघालेल्या माणसाला ते सकाळी सापडले. तेव्हा अंगात जीव उरलेला नव्हता.

त्यांची मोटारसायकल मंडपाशेजारी उभी होती, तिला खरचटलंही नव्हतं. किल्ली दत्ताच्या टेबलावर.

दत्ता त्या दिवशी महेश्वरीच्या ओसरीवर येऊन बसला. नुसता दस्तीनं तोंड पुसत राहिला, तोंडाला काही लागलेलं नसताना. शेवटी म्हणाला, "बाई, मी त्या टेबलावर पुन्हा न्हाई बसणार." टेम्पो चालवीन, मंडपाच्या बल्ल्या उचलीन, पण कुणाच्या किल्लीला हात लावणार नाही, असं त्यानं सांगितलं. महेश्वरी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

चन्नप्पा संध्याकाळी दुकान बंद करून आले. त्यांनी आवाज चढवला नाही. तू वाईट केलं नाहीस, पण आता थांब, असं म्हणाले. बसवेश्वर गेला तेव्हा तू दुसऱ्याच्या मरणाची जिम्मेदारी अंगावर घेतलीस, आणि ही तर खरोखरच तुझ्या अंगावर आली. माणूस गाडीवर गेला असता तर कदाचित घरी पोचला असता.

"न्हाई तर अजून कुणाला घेऊन गेला असता, दादा."

"हो," चन्नप्पा म्हणाले. "तसंही झालं असतं."

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत होत्या आणि कुठली झाली असती हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

तेराव्यानंतर तात्यारावांची बायको कडूबाई गाडी न्यायला आली. तिच्याबरोबर तिचा भाऊ होता, गाडी चालवायला. महेश्वरी तिच्या घरी जाऊन आली होती, पण तेव्हा गर्दीत बोलणं झालं नव्हतं. आता महेश्वरीनं किल्ली पुढे केली. कडूबाईनं किल्ली घेतली, भावाकडे दिली आणि तो गाडी काढायला गेल्यावर ती उंबऱ्याशी थांबली. रडली नाही. भांडायला आली असती तर महेश्वरीला सोपं गेलं असतं.

"किल्ली घेतली त्याचा मला राग न्हाई आला," कडूबाई म्हणाली. "चांगलं केलं. मी सतरांदा सांगून थकले होते. पण शुद्ध नसलेल्या माणसाला चालत काहून सोडलं? गाडीवरून उतरवलं आन् रस्त्यावर सोडलं. मधी काहीच न्हवतं का तुमच्याकडं?"

इतकी वर्षं महेश्वरी किल्ल्या घेत होती. किल्ली घेतली की आपलं काम झालं, माणूस वाचला, असं ती समजत होती. त्या माणसाचं पुढे काय होतं, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. कोसभर चालत गेलेली ती सगळी माणसं. पोचली ती आपली नशिबानं पोचली.

चार दिवसांनी ती परभणीची एसटी धरून स्वरदाच्या ऑफिसात गेली. जिन्यानं वर चढताना तिला वाटत होतं की आपण उगाच आलो. पण तिला एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारल्याशिवाय तिला घरात चैन पडत नव्हती. स्वरदानं पाणी दिलं. तात्यारावांचं तिला कळलं होतं. महेश्वरीनं पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून विचारलं, की मॅडम, तात्याराव कुठं धरणार तुमी? दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यात तर ते येत नाहीत. गाडी त्यांनी चालवलीच नाही.

"मी त्यांना धरणार आहे," स्वरदा म्हणाली. "रस्त्यावर गेलेला माणूस म्हणून. नुसते गाडीवर मेलेले मोजले तर तुमची अट फार चांगली दिसेल, आणि ते खोटं होईल."

महेश्वरीला हे ऐकून वाईट वाटलं, आणि कुठंतरी बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटलं ते तिला समजेना. मग तिनं सरळच विचारलं. वर्ष होत आलं. काय निघालं?

स्वरदानं खुर्ची जवळ ओढली. ती टाळाटाळ करणारी पोरगी नव्हती. बोरीत अपघात कमी झाले हे खरं आहे, ती म्हणाली. पण देवगाव फाट्याकडच्या त्या गावातही झाले. थोडे कमी प्रमाणात, पण झाले. रस्ता खोदलेला होता, गाड्या हळू चालत होत्या, तो भाग आहेच. शिवाय ज्या वर्षानंतर तुम्ही सुरुवात केली ते वर्षच फार वाईट होतं.

"म्हणून तर सुरू केलं," महेश्वरी म्हणाली.

"तेच तर अवघड आहे काकू. एखाद्या वर्षी तूर पार बुडते. आपण बियाणं बदलतो. पुढच्या वर्षी तूर जरा बरी येते आणि आपण म्हणतो, बियाण्यानं आली. बियाण्यानं आलीही असेल. पण इतक्या बुडीच्या वर्षानंतरचं वर्ष तसंही बरंच निघतं."

महेश्वरीनं ते मनात दोनदा फिरवलं. तूर तिला कळत होती. माणसं तुरीसारखी कशी बुडतील ते कळत नव्हतं, आणि तरीही पोरीचं म्हणणं कुठंतरी पटत होतं. म्हणूनच जास्त त्रास होत होता.

स्वरदानं आणखीही सांगितलं. तुमच्या मंडपातून पिऊन गाडीवर जाणारे कमी झाले, यात तिला शंका नव्हती. बरेच जण आता जीपनं येतात. पण काही जण किल्ली जाईल म्हणून जेवण सोडून लवकर निघतात, ढाब्यावर बसतात आणि तिथून गाडीवर जातात. तिनं स्वतः बघितलं होतं. ते किती आणि हे किती, हे एवढ्याशा गावात सांगता येत नाही.

"म्हंजे गुण आला का न्हाई आला?"

"माहीत नाही."

"मग वर्षभर काय केलं तुमी?"

हे बोलून महेश्वरीच ओशाळली. असं कुणाला तोडून बोलायची तिला सवय नव्हती. स्वरदाचा चेहरा उतरला, पण ती चिडली नाही. म्हणाली, की गुण आला असं मी लिहिलं असतं तर सगळ्यांना आवडलं असतं. संस्थेलाही. मला ते लिहिता येईना.

परतीच्या एसटीत महेश्वरी खिडकीशी बसली. टाकळी आणि पुढची सगळी ओळखीची गावं मागं जात होती आणि तिला काही दिसत नव्हतं. सत्कारात लोक म्हणाले होते मरण थांबलं. कडूबाई म्हणाली मधी काहीच नव्हतं का. पोरगी म्हणते माहीत नाही. तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. मग आपण इतकी वर्षं नेमकं काय केलं?

घरी आल्यावर तिनं अट काढून टाकायचं ठरवलं. सकाळी उठली तेव्हा न काढायचं ठरवलं. असं चार-पाच दिवस चाललं. शेवटी तिनं कडूबाईच्या प्रश्नापाशीच थांबायचं ठरवलं, कारण एवढा एकच प्रश्न तिला धड कळला होता. किल्ली घ्यायची, तर माणसाला घरी सोडायचं. पुढच्या लग्नापासून सामानाचा छोटा हत्ती, म्हणजे दत्ता चालवायचा तो टेम्पो, जेवणं झाल्यावर मोकळा ठेवायचा, पाठीमागं गाद्या टाकायच्या आणि ज्यांच्या किल्ल्या घेतल्या त्यांना त्यांच्या दारात उतरवायचं. दत्ताला विचारलं. किल्लीला हात लावणार नाही, पण माणसं सोडीन, असं तो म्हणाला. टेबलावर मग महेश्वरी स्वतः बसायला लागली. चन्नप्पांनी डोक्याला हात लावला, पण दुकानातून एक चार्जिंगचा कंदील आणून टेम्पोच्या मागच्या बाजूला बांधून दिला.

स्वरदाच्या संस्थेनं मात्र काम सोडलं नाही. एवढ्याशा गावावरून कळत नाही तर पुष्कळ गावं घेऊ, असं त्यांचं ठरलं. काही गावांत किल्ल्या आणि घरी सोडायची सोय, काही गावांत तूर्त काहीच नाही, आणि दोन वर्षांनी बघायचं. कुठलं गाव कशात घालायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे कुणाची मर्जी मध्ये येणार नाही. परभणीला सगळ्या मंडपवाल्यांना बोलावलं. महेश्वरीला मान म्हणून पुढे बसवलं.

"ज्यांची चिठ्ठी न्हाई निघाली, त्यांचं काय?" तिनं उभं राहून विचारलं.

त्यांनाही दोन वर्षांनी मिळेल, गुण येतो असं दिसलं तर, असं स्वरदानं सांगितलं. आणि गुण येत नसेल, किंवा उलटाच परिणाम होत असेल, तर ती गावं वाचली असंही म्हणता येईल. तात्यारावांचं नाव तिनं घेतलं नाही. महेश्वरी खाली बसली.

तेलवाडीची चिठ्ठी 'काहीच नाही' या बाजूला निघाली.

महेश्वरीला वाटलं उठून जावं. पण चिठ्ठ्या टाकायच्या आधी तिनं सगळ्यांसमोर मान डोलावली होती. ज्या गावांत काहीच करायचं नाही तिथं किल्ली न घेता फक्त मंडप द्यायचा, हे तिनं मान्य केलं होतं, आणि स्वरदानं आपल्या मनाचं काही लिहिलं नाही हे तिला आठवत होतं. अशा पोरीला शब्द देऊन मोडायचा कसा?

दिवाळीनंतर तेलवाडीतलं पहिलंच लग्न आलं. दुपारचा मुहूर्त. दत्तानं मंडप घातला, महेश्वरी भांडी मोजायला गेली. दारात टेबल नव्हतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि ऊन कलायला लागलं तसे झाडांखाली बसलेले लोक उठू लागले. त्यातला एक जण, चांगला चाळिशीतला, मोटारसायकलला किल्ली लावायला धडपडत होता. किल्ली भोकात बसेना. त्याच्या मागं त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती, बसायच्या तयारीत, तोंडावर काही न दाखवता.

महेश्वरी पातेल्यांजवळ उभी राहून बघत राहिली. आपण इथं काही करायचं नाही, तिनं स्वतःला सांगितलं. केलं तर पोरीचा सगळा हिशेब नासेल, आणि मग कधीच कुणाला कळणार नाही. कदाचित हा माणूस पोचेलही. बरेच पोचतात.

तिचे पाय तिला न विचारताच निघाले होते. तिनं त्या माणसाच्या हातावर हात ठेवला. "भाऊ, टेम्पो रिकामाच चाललाय. बसा, लेकराला ऊन लागंल." त्यानं तिच्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. बायको तोवर टेम्पोकडे चालायला लागली होती. किल्ली त्यानं आपली आपणच खिशात घातली.

मंडपाच्या कडेला बायकांत कडूबाई बसलेली होती. तिनं हे सगळं बघितलं असणार. महेश्वरी तिच्याकडे वळली तर ती सुपारी कातरत होती. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी महेश्वरीनं स्वरदाला फोन लावला आणि झालं ते सांगून टाकलं. लपवायचा विचार मनात आला होता, पण मग त्या पोरीनं वर्षभर खरं शोधण्यात काय अर्थ राहिला असता. एकदाच झालं तर नोंद करून ठेवते, स्वरदा म्हणाली. दर लग्नात असं झालं तर तेलवाडी बाजूला काढावी लागेल, कारण मग तिथं काहीच नाही असं म्हणता येणार नाही.

"मी चूक केली का मॅडम?"

"काकू," स्वरदा म्हणाली, "मी तिथं असते तर मीही त्याला जाऊ दिलं नसतं. आणि तुम्ही तसं करायला नको होतं."

महेश्वरीनं फोन ठेवला. ऋतुजा चुलीपाशी होती. तिनं विचारलं, काय म्हणाल्या? महेश्वरीला जे ऐकलं ते तसंच्या तसं सांगता आलं, पण त्याचा अर्थ सांगता आला नाही. ऋतुजानंही मग विचारला नाही.

माघात तेलवाडीतून दुसऱ्या लग्नाचं बोलावणं आलं. मुलीचा बाप ओसरीवर बसून होता, चहा निवत होता, आणि महेश्वरी हो म्हणत नव्हती. शेवटी म्हणाली. तो गेल्यावर दत्तानं येऊन विचारलं की टेबल न्यायचं का, का टेम्पोत गाद्या टाकायच्या, का नुसता मंडप. तू कनाती वाळत घाल, बाकीचं नंतर बघू, असं तिनं त्याला सांगितलं. नंतर काय बघायचं, ते तिला अजून सुचलेलं नव्हतं.